चाकावरची दोन बोटं

बाबा,

तुमच्या एक विद्यार्थिनी मागच्या आठवड्यात माझ्याकडे आल्या. त्या तुमच्या आहेत हे त्यांनी सांगण्याआधीच मला कळलं. फाटकातून एक लाल, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार आत आली आणि समोर टेम्पो उभा होता म्हणून थांबली. तिला आता उजवीकडे वळून शेडखाली यायचं होतं. दुसरं कुणी असतं तर जागच्या जागी चाक फिरवून मग गाडी सोडली असती. ही गाडी आधी वीतभर पुढे सरकली आणि सरकता सरकता वळली. मी ते तुमच्या आरशात पाहिलं. शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूला लावलेला तो जादाचा छोटा आरसा. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलंत त्या दिवशी तो काढून तुम्ही माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ठेव, कशाला तरी होईल." तो माझ्या टेबलासमोर खिळ्याला आहे आणि त्यातून मला मान न वळवता फाटक दिसतं. एवढ्याला झाला.

तुमच्यामागे घडलेलं थोडं सांगायला हवं. एम.ए. झाल्यावर मी काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. मग तास कमी होत गेले. मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचा कोर्स केला, आधी दुसऱ्यांकडे राबले, आणि आता वाघोलीला, नगर रोडपासून जरा आत, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. आई म्हणाली, "शेवटी बापाच्याच वळणावर गेलीस." तसं नाही. तुम्ही माणसांना गाडी शिकवत होतात. मी गाड्यांच्या तक्रारी ऐकते. त्या माणसांच्या तोंडून येतात आणि येताना बदलतात.

गाडीतून उतरायला त्यांना वेळ लागला. इतक्या खालच्या सीटवरून उठणं कुणालाही सोपं नाही, आणि त्या सत्तरीच्या पुढच्या. मी हात पुढे केला तो त्यांनी पाहिला आणि घेतला नाही. पांढरे आखूड केस, सुती कुर्ता, पायात कॅनव्हासचे बूट.

"गाडी कुणाकडे शिकलात?" मी विचारलं.

"का? काही चुकलं का?"

"नाही. चाक वळवलंत त्यावरून विचारलं."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "तू सरांची मुलगी."

"हो, काकू."

"नाक तेच. बोलतेसही तेवढंच." मग म्हणाल्या, "काकू नको. शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म गेला. बाई म्हण."

ही गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली, जुनीच, पण त्यांना हवी तीच. का घेतली हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. "आयुष्यभर चार सीटची गाडी चालवली. त्यातल्या तीन सीट दुसऱ्यांच्या. हिला दोन. एक माझी, एक पर्सची." मग तक्रार सांगितली. स्टिअरिंग मधूनच जड होतं. काही क्षण अगदी घट्ट, मग परत हलकं. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवून झालं. दोन्ही वेळा त्यांनी मशीन लावून बघितलं आणि काही सापडत नाही म्हणून गाडी परत दिली. "दुसऱ्या वेळी तिथल्या पोराने माझं वय विचारलं. फॉर्मवर तशी जागा नव्हती." मागच्या महिन्यात घराच्या पार्किंगचा रॅम्प चढताना चाक असंच घट्ट झालं, गाडी वळली नाही आणि डावी बाजू भिंतीला घासली. "तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मुलाने गिऱ्हाईक बघून ठेवलंय. रविवारी येणार आहे."

त्या शेडमधल्या स्टुलावर बसल्या. "मला एवढंच सांग, दोष गाडीत आहे की माझ्या हातात. हातात असला तर रविवारी किल्ली देऊन टाकीन, मुलाला ओरडायची गरज नाही. पण गोड बोलू नकोस. तुझे वडील गोड बोलत नसत."

मी बॉनेट उघडलं, तेव्हा पाठीमागून त्या तुमच्याबद्दल बोलू लागल्या. चाळिशीत गाडी शिकायला आलेली मास्तरीण, नवरा म्हणे रिक्षा आहेत की पुण्यात, सासू म्हणे पदर अडकेल कुठेतरी. तुमची ती पांढरी गाडी, डोक्यावर पाटी. पर्वतीच्या पायथ्याचा रस्ता. "चाक असं वळायचं म्हणून सांगू, मला वाटलं, आपल्याला येतं की. लोक उगाच घाबरवतात. आणि मग एक दिवस वळणावरच चाक दगड झालं. मी म्हटलं, सर, गाडी बिघडली. सर म्हणाले, गाडी ठीक आहे, मी माझा हात काढला."

मी बॉनेटखालून वर पाहिलं.

"दोन बोटं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून चाकाला खालून दोन बोटं लावून बसायचे. मी समोर बघत असायचे, मला काय कळणार. आता परत तसंच होतंय. फरक एवढाच, की शेजारी कुणी नाही."

तुमच्या गाडीत असलं काही नव्हतं, म्हणून सांगते. आता चाकाच्या दांड्याला एक छोटी मोटर जोडलेली असते. चालवणारा चाकाला किती पीळ देतो हे एक सेन्सर मोजतो आणि त्या मानाने मोटर आपला जोर त्यात मिळवते. गाडी हळू असताना जास्त, वेगात अगदी थोडा. चालवणाऱ्याला ते जाणवत नाही. त्याला वाटतं आपणच वळवतोय. हे मी गिऱ्हाइकांना कितीदा समजावलं आहे, आणि समजावताना दर वेळी काहीतरी आठवायला लागून राहून जात असे. बाई बोलल्या आणि ते काय होतं हे कळलं. मलाही तुम्ही तसंच शिकवलंत. फक्त माझ्या वेळी तुम्ही हात कधी काढलात हे मला समजलं नाही. विचारायचं राहिलं.

मी कामाला लागले. स्कॅनर लावला, कुठलीही नोंद नाही. बॅटरी चांगली. इंजिन चालू असताना वीज पुरेशी येते. पीळ मोजणारा सेन्सर डावीउजवीकडे सारखाच बोलतो. मग मी आत बसले, एसी लावला, दिवे लावले, म्हणजे गाडीवर सगळा भार यावा, आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. फरशीवर टायर घासल्याचा तो आवाज झाला आणि बाई स्टुलावरून उठल्या.

"अगं, उभ्या गाडीचं चाक फिरवतेस?"

"तपासतेय, बाई."

"तपास. पण त्यांच्या मुलीने फिरवावं." आणि परत बसल्या.

मला तो दिवस आठवला. मी अठराची आहे, तुम्ही डावीकडे, आणि मी घाईने, गाडी उभी असतानाच चाक पूर्ण वळवलं आहे. तुम्ही किल्ली फिरवून इंजिन बंद करता, मला खाली उतरवता आणि पुढच्या टायरपाशी बसायला लावता. डांबरावर काळा अर्धगोल डाग उमटलेला आहे. "हा तू पाडलास," तुम्ही म्हणता. "गाडीने नाही." रस्त्यावरून लोक जात आहेत, एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबून बघते आहे, आणि मी टायरपाशी बसलेली आहे. "तिला आधी हलू दे. हलायला लागली की ती आपणहून वळते. आपण फक्त सांगायचं." मग तुम्ही आत बसलात आणि तासभर मला फक्त गल्लीतून गाडी बाहेर काढायला लावलीत, आत न्यायला लावलीत, परत बाहेर. मला तुमचा राग आला होता. आज पुण्याच्या रस्त्यावर एखादी गाडी पार्किंगमधून निघताना आधी वीतभर सरकते आणि मग वळते, तेव्हा मी आतल्या माणसाचा चेहरा बघायचा प्रयत्न करते. बहुतेक केस पिकलेले असतात. एकदा सिग्नलला मी काच खाली करून विचारणारही होते.

गाडीत काहीच सापडलं नाही. बाईंना शेजारी घेऊन मी नगर रोडवर फेरी मारून आले, ट्रॅफिकमध्ये, यू-टर्न घेत, खड्ड्यांतून. चाक शेवटपर्यंत हलकं. आल्यावर मी त्यांना चालकाच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद ठेवलं, म्हणजे मोटरचा जोर नसेल, आणि चाक ओढून दाखवायला सांगितलं. मला त्यांचे हात बघायचे होते. त्यांनाही ते कळलं. त्यांनी चाक धरलं. एक हात वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो, हात एकमेकांना ओलांडत नाहीत. तुमची पद्धत.

ती मी स्वयंपाकघरात शिकले होते, गाडीत बसायच्याही आधी. तुम्ही फडताळावरून आईची परात काढता आणि माझ्या हातात उभी देता, मी पाटावर बसलेली. "ढकल. ओढ. ढकल. हात ओलांडलेस तर वळणात गाठ बसेल." तुम्ही परातीची पलीकडची कड धरून तिला अडवता, म्हणता हा चढ आहे, हा चिखल आहे, आता बैलगाडी आडवी आली. आई ओट्याशी उभी आहे, हात पिठाचे. "घाट संपला असेल तर परात द्या. कणीक मळायची आहे." तुम्ही म्हणता, "एक वळण राहिलंय." आई म्हणते, "मग पोळ्याही त्या वळणावरच मिळतील." तुम्ही परात धुऊन दिलीत. एरवी तुम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही येत नव्हतात.

बाईंचे हात बरोबर होते आणि अशक्त होते. दोन्ही. चाक थोडं वळलं, मग मनगटं थरथरली आणि त्यांनी सोडून दिलं. मी म्हटलं, इंजिन बंद असताना कुणालाही जड जातं. ते खरं होतं. पण मी ते जरा लवकर बोलले, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

गाडी ठेवून त्या रिक्षाने गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज चांगला होता, थकलेला. "ताई, मी आईला अडवत नाहीये हो. तिची गाडी म्हणजे तिचं काय आहे ते मला माहितीये. पण परवा भिंत होती, उद्या कुणी माणूस असेल तिथे. सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट क्लिअर आहे, दोन्ही टाइम. तुम्ही फक्त एवढं सांगा, की पार्ट अव्हेलेबल नाही. म्हणजे तिला स्वतःबद्दल काही ऐकावं लागणार नाही." मी म्हटलं, बघते. तो म्हणाला, "थँक्यू ताई," जणू मी होकार दिला होता.

मी शेडमध्ये येऊन त्या गाडीकडे बघत उभी राहिले. मुलगा काही वाईट सांगत नव्हता. माझ्याजवळ त्याच्याविरुद्ध एकही आकडा नव्हता. असलंच काही तर ती थरथरणारी मनगटं होती, आणि ती त्याच्या बाजूची होती. पार्ट मिळत नाही हे एक वाक्य म्हटलं की बाई किल्ली देतील, गाडीवर नाराज होतील, स्वतःवर नाही. तुम्ही काय केलं असतंत याचा मी विचार केला. एका निवृत्त गृहस्थांना तुम्ही सरळ सांगितलं होतंत की तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, मी तुम्हाला टेस्टला बसवणार नाही. ते आपल्या घरी येऊन बसले होते आणि आईने त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला होता. तुम्ही तेच बोललात, दोन्ही कपांच्या वेळी. पण त्याआधी तुम्ही त्यांना आठवडाभर रोज रस्त्यावर नेलं होतं. उभ्या गाडीत बसून तुम्ही कुणाबद्दल काही ठरवलं नाही.

मी बाईंना फोन केला. "चाक जड होतं ते नेमकं कधी?"

"सांगितलं की, मधूनच."

"कुठे?"

"रॅम्पवर. बहुतेक वेळा रॅम्पवरच."

"चढताना की उतरताना?"

"चढताना," त्या म्हणाल्या, आणि मग सावकाश, जणू वर्गात नकाशावर बोट ठेवत असाव्यात, "उतरताना कधीच नाही."

सर्व्हिस सेंटरचा माणूस गाडी न्यायला यायचा तेव्हा ती वर रस्त्यावर काढून ठेवलेली असायची. त्यांनी वय विचारलं, चढ विचारला नाही. मीही दिवसभर विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन सदाशिव पेठेत बाईंकडे गेले. जुनी इमारत पाडून नवी उभी केलेली, पुढे दवाखान्याच्या आणि क्लासच्या पाट्या, पोटात पार्किंग. रॅम्प अरुंद, उभा, आणि मध्येच उजवीकडे वळणारा. तोंडाशी सोसायटीची सूचना: हॉर्न वाजवल्याने रॅम्प रुंद होत नाही. बाई खाली तयार होत्या. मी व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन लांब वायरी इंजिनापासून आत घेतल्या, एक बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी स्टिअरिंगची मोटर जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते तिथे. या दोन जागा म्हणजे खरं तर एकच जागा. त्यांच्यात काही फरक असू नये. मीटरवर शून्याच्या आसपास काही दिसलं पाहिजे, बस. मी मीटर मांडीवर घेतला आणि डावीकडे बसले. तुमच्या जागेवर.

"चालवा," मी म्हटलं.

"कशी?"

"रोजची."

गाडी वीतभर सरकली, वळली आणि रॅम्पला लागली. दिवे लावलेले होते, पुढच्या भिंतीवर त्यांचा पांढरा उजेड. आकडा शून्यावर. चढ सुरू झाला, बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला, वळण आलं, आणि भिंतीवरचा उजेड पिवळा पडला. मीटरवरचा आकडा वर गेला. "हे बघ," बाई हळू म्हणाल्या. "हे बघ, आलं." माझा उजवा हात मीटरवरून उठला आणि मी चाकाला खालून दोन बोटं लावली. मी ते ठरवलं नव्हतं. चाक दगडासारखं होतं. माझ्या बोटांनाही. ते त्यांच्या हातांचं वजन नव्हतं, गाडीचं होतं. आम्ही दोघींनी मिळून ते वळवलं, गाडी वर उजेडात आली, सपाट झाली, आकडा शून्यावर आला, आणि चाक एकदम इतकं हलकं झालं की माझी बोटं निसटली.

बाईंनी ब्रेक लावला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"उजेड पिवळा होतो ना तिथे?" मी विचारलं.

"होतो की. मला वाटलं मोतीबिंदू वाढला."

बॉनेट उघडून मी हात आत घातला. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी असते, वेणीसारखी. गाडीतली सगळी वीज काम करून झाल्यावर त्या वाटेने बॅटरीकडे परत येते. ती पट्टी टोकाशी कुजली होती. बहुतेक तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या. गाडी उभी असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकून राहत आणि सगळं ठीक दिसे. चढावर जोर लावला की इंजिन आपल्या बैठकीवर थोडं कलतं. कललं की टोकं सुटत. परतीची वाट अरुंद होई, मोटरला पुरेशी वीज मिळत नसे आणि ती आपला हात काढून घेई. काही क्षणच, म्हणून नोंदही होत नसे. मी हे बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी पट्टी बोटात धरून पाहिली.

"एवढीशी वेणी," त्या म्हणाल्या. "आणि मी रात्री चेंडू दाबत बसत होते. मनगटासाठी."

नवी पट्टी मी बरोबरच आणली होती. चढ म्हटल्यावर संशय होता. ती बसवून दोन्ही टोकं घासून घट्ट केली तेव्हा मुलगा खाली आला, ऑफिसला निघालेला, गळ्यात ओळखपत्र. मी त्याला जुनी पट्टी दिली. त्याने ती उलटसुलट करून बघितली, मग आईकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "सर्व्हिस सेंटरला नेऊन दाखव. वय विचार त्यांना, तिचं." तो हसला, पण लगेच नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, म्हणजे आता सेफ आहे?" मी म्हटलं, "गाडी आहे." त्याला समजलं. तो अजून उभा होता. मग त्याने फोन काढला आणि रविवारच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं, आमच्या समोरच, आईला ऐकू जाईल अशा आवाजात.

तो गेल्यावर मी बाईंना उरलेलं सांगितलं. तुमच्या पद्धतीने, जेवढं जमलं तेवढं. म्हटलं, बाई, इंजिन बंद असताना चाक ओढायला लावलं तेव्हा तुमची मनगटं थरथरली ते मी पाहिलं. आज दोष त्यांचा नव्हता. कधीतरी असेल.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा तू सांग. मुलगा सांगणार नाही, तो पार्ट मिळत नाही म्हणेल."

आई मुलाला इतकी वर्षं ओळखते, त्यात मी काय घालणार.

"सांगशील ना? दर सहा महिन्यांनी गाडी घेऊन येईन. तू शेजारी बस आणि बघ. गाडी बघ म्हणत नाहीये मी."

"सांगेन," मी म्हटलं.

एवढं सगळं लिहायचं कारण नव्हतं. तुम्ही असता तर जेवताना सांगितलं असतं, तुम्ही ताक ओतून घेतलं असतंत आणि विचारलं असतंत, उभ्या गाडीवर दिवस कशाला घालवलास. हे कागद मी घडी करून फ्यूजच्या डब्याखाली ठेवते आहे, तिथे कुणी हात घालत नाही. पण एक सांगायचं राहिलं. पट्टी बदलल्यावर आम्ही रॅम्प पुन्हा चढलो. मीटर मांडीवर, आकडा शून्यावर, भिंतीवर उजेड पांढरा. वळण आलं तेव्हा बाईंची नजर समोर होती, तुम्ही शिकवलीत तशी, आणि त्यांनी तशीच, मान न वळवता विचारलं, "हात काढलास?"

मी म्हटलं, "काढला."

काढला नव्हता. जोर काही लावत नव्हते. दोन बोटं नुसती होती तिथे, वर उजेडात येईपर्यंत.